स्टॉपलॉस पाळता येत नाही? आधी क्वांटिटी कमी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचं वय 28, पुण्यात आयटीत नोकरी, 2 वर्षं झाली निफ्टीचे वीकली ऑप्शन (दर आठवड्याला मुदत संपणारे सौदे) बाय करताय. अडीच लाख टाकले होते, आता 90 हजार राहिलेत. आठवडाभर थोडाथोडा प्रॉफिट होतो आणि मंगळवारी एक्स्पायरीला एका सौद्यात सगळं जातं, कारण स्टॉपलॉस (ठरलेल्या किमतीला तोटा घेऊन बाहेर पडायची ऑर्डर) लावता आणि किंमत जवळ आली की काढून टाकता. सेटअप चांगला आहे पण सायकॉलॉजी कच्ची आहे असं तुम्हाला वाटतं, मेडिटेशनही करून बघितलंत. आणि विचारलंय की डिसिप्लिन कशी लावायची, एका ट्रेडला रिस्क किती घ्यायची आणि नोकरी सोडून पूर्णवेळ केलं तर फरक पडेल का.

मी वीसेक वर्षं बाजारात आहे, आता बरेच जण माझ्याकडे आपल्या कॉन्ट्रॅक्ट नोटा (ब्रोकरने दिलेल्या सौद्यांच्या पावत्या) घेऊन येतात, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं म्हणणं तुमच्यासारखंच असतं की सर मला सगळं कळतं पण ऐनवेळी हात चालत नाही. माझं उत्तर पहिल्यांदाच सांगून टाकतो, मग हिशोबाने पटवतो. तुमची सायकॉलॉजी अगदी नॉर्मल आहे. तुमची क्वांटिटी चुकीची आहे. जो आकडा माणसाला बघवत नाही तो आकडा स्क्रीनवर आणला की कुठलाही माणूस नियम मोडतो, मीही मोडीन, म्हणून मी तो आकडा येऊच देत नाही, एवढाच फरक आहे.

आता तुमचेच आकडे घ्या. तुम्ही लिहिलंय की 3 लॉट (ठरलेल्या संख्येचे गठ्ठे) घेता, पहिल्यापासून 3 च घेता. लॉट साइज एक्स्चेंज बदलत असतं, 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत निफ्टीचा लॉट 25 चा होता मग एकदम 75 झाला, आपण हिशोबापुरता 75 धरू. 3 लॉट म्हणजे 225 क्वांटिटी. प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, 120 असेल तर 27 हजार गुंतले. तुमचा स्टॉपलॉस 40 पॉइंटचा असतो असं म्हणताय, म्हणजे उडाला तर 9 हजार जाणार. अडीच लाखावर 9 हजार म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर, तेही जास्तच आहे पण एक वेळ चालून जातं. आज तुमच्याकडे 90 हजार आहेत, त्यावर तेच 9 हजार म्हणजे 10 टक्के. बघा काय झालंय, तुम्ही काहीच बदललं नाहीत, तेच 3 लॉट, तोच 40 चा एसएल (स्टॉपलॉस), आणि तरी तुमची रिस्क जवळजवळ तिप्पट झाली कारण खालून कॅपिटल वितळत गेलं. हे फार लोकांच्या लक्षातच येत नाही. लॉट ठरलेला ठेवायचा नसतो, टक्का ठरलेला ठेवायचा असतो.

10 टक्क्याने खेळल्यावर लागोपाठ 10 ट्रेड चुकले तर 90 हजाराचे साधारण 31 हजार उरतात. 2 टक्क्याने तेच 10 चुकले तर 73 हजाराच्या वर उरतात. 1 टक्क्याने 81 हजार. आणि लागोपाठ चुकणं म्हणजे काही अघटित नाही हो. ज्याचा सेटअप 100 पैकी 40 वेळा बरोबर येतो, आणि असा सेटअपही नीट चालवला तर चांगले पैसे देतो, त्याला शंभर ट्रेडमधे कधीतरी सलग 6-7 लॉस येणार हे जवळपास धरूनच चालायचं. तुमचा सेटअप खराब झाला, बाजार बदलला, ऑपरेटर तुमचाच स्टॉपलॉस बघतोय, असं काहीही नसतं, तो साधा संभाव्यतेचा हिशोब आहे. पण 10 टक्क्याने खेळणारा माणूस त्या 7 नंतर निम्म्याच्या खाली आलेला असतो आणि आठव्या ट्रेडला, जो कदाचित बरोबर येणार असतो, तो एकतर घाबरून घेत नाही नाहीतर डबल क्वांटिटीने घेतो. दोन्हीत मरतो.

अजून एक आकडा लिहून ठेवा. 10 टक्के गेले तर मुद्दलावर यायला 11 टक्के कमवावे लागतात. 20 गेले तर 25. 50 गेले तर 100. तुमचे 64 टक्के गेलेत, परत अडीच लाख व्हायला 90 हजारावर जवळपास 178 टक्के कमवायला लागतील. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, ते अडीच लाख परत मिळवायचे हा विचार आजच सोडा. तुमचं खातं आता 90 हजाराचं आहे, तिथूनच सुरुवात आहे. मागचं भरून काढायच्या नादात जो ट्रेड घेतला जातो त्याची क्वांटिटी बाजार बघून ठरत नाही, खड्डा बघून ठरते.

हे तुमच्या एकट्याचं नाही हेही ऐका. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मधे एफ अँड ओचा (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा) अभ्यास जाहीर केला, 2021-22 ते 2023-24 अशा 3 आर्थिक वर्षांचा, त्यात 1 कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर होते आणि त्यातल्या 93 टक्के लोकांना लॉस झाला, सरासरी माणशी 2 लाखाच्या आसपास, सगळ्यांचा मिळून 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता 1 लाखापेक्षा जास्त नफा काढणारे फक्त 1 टक्का. आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे लागोपाठ 2 वर्षं लॉस होऊनही त्यातले 75 टक्क्यांहून जास्त लोक ट्रेड करतच राहिले. नंतर जुलै 2025 मधे 2024-25 चा आकडा आला, परत 91 टक्के लॉसमधेच. हे घाबरवायला सांगत नाहीये, एवढ्यासाठी सांगतोय की जे बहुतेक लोक करतात तेच आपण केलं तर निकालही तोच येणार, त्यामुळे तुम्हाला जे वेगळं करायचंय ते नवीन इंडिकेटर लावून होणार नाही.

तर रिस्क किती, या प्रश्नाचं उत्तर. एका ट्रेडला जास्तीत जास्त 1 टक्का, शिकत असाल तर अर्धाच. आणि क्रम असा की आधी चार्टवर बघायचं की कुठली किंमत आली म्हणजे माझा विचार चुकला, तो झाला स्टॉपलॉस. मग आत्ताची किंमत आणि तो स्टॉपलॉस यातलं अंतर काढायचं. मग आपल्या 1 टक्क्याच्या रकमेला त्या अंतराने भागायचं, जे उत्तर येईल ती क्वांटिटी. बहुतेक लोक उलटं करतात, आधी क्वांटिटी ठरवतात मग परवडेल तिथे एसएल लावतात, आणि त्या जागेला चार्टवर काहीच अर्थ नसतो म्हणून तो सारखा उडतो.

तुमच्या 90 हजारावर 1 टक्का म्हणजे 900 रुपये. आता 900 भागिले एका लॉटचे 75, आले 12 पॉइंट. 120 च्या प्रीमियमला 12 पॉइंटचा एसएल म्हणजे निफ्टीने नुसता श्वास घेतला तरी उडणार. एक लॉट 40 पॉइंटच्या एसएलने घ्यायचा तर 3 हजार रिस्क, आणि ते 1 टक्क्यात बसवायचं तर खात्यात 3 लाख पाहिजेत. म्हणजे निष्कर्ष सरळ आहे, 90 हजारात निफ्टीचा एक लॉटसुद्धा तुमच्या रिस्कमधे बसत नाही. मोबाईलवर ऑर्डर जाते म्हणून आपल्याला परवडतं असं वाटतं, पण ॲप फक्त प्रीमियमपुरते पैसे आहेत का एवढंच बघतं.

तेच 90 हजार कॅशमधे, म्हणजे थेट शेअर घेऊन, बघा. समजा एक शेअर 540 ला आहे आणि तुमच्या मते 518 तुटला की विचार चुकला. अंतर 22. 900 भागिले 22, म्हणजे 40 शेअर. 21,600 रुपये गुंतले आणि चुकलो तर 880 गेले. हे 880 गेल्यावर तुम्ही जेवायला बसाल आणि जेवाल. 9 हजार गेल्यावर ताट बाजूला सारता, बायको काय झालं विचारते तर काही नाही म्हणता. डिसिप्लिन म्हणतात ती या दोन आकड्यांच्या मधेच कुठेतरी आहे.

त्यात दोन गोष्टी अजून. असे तीन-चार सौदे एकदम उघडे असतील तर एकूण रिस्क 3-4 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि तीन बँकांचे शेअर घेतले तर ते तीन सौदे नाहीत, एकच आहे, कारण पडतील तेव्हा एकदमच पडतील. 4 जून 2024 आठवा. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 23,263 ला बंद झाला होता, सगळीकडे आनंदीआनंद, आणि लोकसभा निकालाच्या दिवशी बंद झाला 21,884 ला, एका दिवसात जवळपास 6 टक्के, मधे तर 21,281 पर्यंत गेला होता. त्या दिवशी सरकारी बँका, वीज, रेल्वे, डिफेन्स, ज्यांनी वेगवेगळी सेक्टर म्हणून घेतली होती त्यांचं सगळं एकाच वेळी कोसळलं, एसबीआय आणि एनटीपीसीसारखे दांडगे शेअरसुद्धा 10 टक्क्यांहून जास्त पडले.

आणि दुसरी गोष्ट, स्टॉपलॉस म्हणजे गॅरंटी नाही. 7 जानेवारी 2009 ला बाजार चालू असतानाच सत्यमच्या चेअरमनचं पत्र आलं की हिशोबात घोटाळा आहे, आणि 179 च्या आसपासचा शेअर त्याच दिवशी 40 च्या घरात गेला. 23 मार्च 2020 ला तर सगळा बाजारच 10 टक्क्याला थांबवावा लागला, पाऊण तासाने उघडला तर अजून खाली, निफ्टी दिवसभरात 13 टक्के गेला. अशा दिवशी तुमचा एसएल तुम्ही लावलेल्या किमतीला भरत नाही, जिथे घेणारा मिळेल तिथे भरतो. म्हणून रिस्कचा टक्का हा एक कुलूप, आणि एका शेअरमधे एकूण कॅपिटलच्या पाव हिश्श्याहून जास्त घालायचं नाही हे त्यावरचं दुसरं कुलूप. निकाल, बजेट, आरबीआयची पॉलिसी, कंपनीचे तिमाही आकडे, असल्या दिवसांच्या आदल्या रात्री पोझिशन निम्मी तरी करावी, मी तर बहुतेक वेळा शून्य करतो आणि त्यात जो प्रॉफिट हुकतो त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

एसएलची ऑर्डर कशी लावता हेही नीट तपासा, कारण तुमच्या मेसेजमधलं एक वाक्य मला खटकलं, की "मी मनात एसएल ठेवतो, किंवा सिस्टीममधे टाकला तर कधीकधी स्किप होतो." मनातला एसएल हा एसएल नसतो, विषय संपला. स्किप का होतो ते सांगतो. ऑप्शनमधे एनएसईने सप्टेंबर 2021 पासून एसएल-मार्केट ऑर्डर बंद केली आहे, कारण पातळ बाजारात भलत्याच किमतीला सौदे होत होते. आता ट्रिगर (ज्या किमतीला ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही) अशा दोन किमती द्याव्या लागतात. तुम्ही ट्रिगर 80 आणि लिमिट 79.50 ठेवलं, आणि एक्स्पायरीला प्रीमियम 82 वरून थेट 75 ला आला, तर ट्रिगर लागतो पण 79.50 च्या खाली विकायची तुमची परवानगीच नाही, ऑर्डर तशीच लटकून राहते आणि प्रीमियम 40 ला जातो. म्हणून दोन्हीत भरपूर अंतर ठेवायचं, ट्रिगर 80 तर लिमिट 70 ठेवा, मिळणार तुम्हाला त्यावेळची बाजारातली चांगलीच किंमत, 70 ला विकलं जाईलच असं नाही, पण बाहेर पडायची शक्यता खूप वाढते. आणि रिस्क मोजताना 80 धरू नका, 70 च धरा. डिलिव्हरीचे शेअर असतील तर जीटीटी (ट्रिगर लागेपर्यंत टिकून राहणारी ऑर्डर) लावून ठेवा म्हणजे रोज टाकायला विसरायचा प्रश्न नाही, पण सकाळी गॅप डाऊन झालं, म्हणजे शेअर एकदम खालीच उघडला, तर तिथेही हीच लिमिटची अडचण येते, तेवढं लक्षात असू द्या.

एकदा लावलेला एसएल एकाच दिशेला सरकवायचा, आपल्या फायद्याच्या. विरुद्ध दिशेला एक रुपयासुद्धा नाही. तुमची क्वांटिटी बरोबर असेल तर हा नियम पाळणं सोपं जातं हे परत परत सांगतोय कारण सगळं तिथेच अडतं.

ॲव्हरेजिंगबद्दल थोडक्यात. चालू लॉसमधे अजून माल घेऊन किंमत खाली आणणं ही एसआयपी करणाऱ्या गुंतवणूकदाराची गोष्ट आहे, त्याच्याकडे 10-15 वर्षं आहेत. तुमच्या वीकली ऑप्शनला वेळच नाही, रोज थिटा, म्हणजे वेळेची झीज, प्रीमियम खातो, आणि मंगळवारी दुपारनंतर तर 40 चा ऑप्शन बघता बघता 2 रुपयावर येतो. पडत्या ऑप्शनमधे ॲव्हरेज करणं म्हणजे वितळणाऱ्या मालात भर घालणं. झीरो टू हिरो म्हणून (नगण्य किमतीच्या ऑप्शनमधून मोठी कमाई) जे ट्रेड लोक दाखवतात त्यातले स्क्रीनशॉट हिरोचेच येतात. तुमचे चारपैकी तीन मोठे लॉस मंगळवारचे आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तर मंगळवारी ट्रेड करायचाच नाही हा तुमच्यासाठी एकट्याने सगळ्यात मोठा रिस्क मॅनेजमेंटचा नियम आहे, त्यासाठी कुठलंच पुस्तक वाचायला नको.

आता ऐनवेळी हात चालत नाही त्याचं. बाजार चालू असताना, स्क्रीनवर लाल आकडा असताना, घेतलेला निर्णय चांगला निघेल अशी अपेक्षाच ठेवू नका. निर्णय सकाळी 9:15 च्या आधी घ्यायचे आणि असे घ्यायचे की दुपारी ते मोडायला तुम्हाला त्रास पडला पाहिजे. दिवसाची लॉस मर्यादा 2 टक्के, किंवा दोन ट्रेड लागोपाठ चुकले की बंद, जे आधी येईल ते. नुसतं ठरवून चालत नाही, बऱ्याच ब्रोकरकडे किल स्विच असतो, सेगमेंट बंद केला की काही तास परत चालू करता येत नाही, तो वापरा. एफ अँड ओ सेगमेंटच बंद करून टाकता येतो, मंगळवारसाठी तर सोमवारी रात्रीच करा. ट्रेडिंग खात्यात लागतील तेवढेच पैसे ठेवा, बाकीचे बँकेत काढून घ्या, परत टाकायला जो वेळ लागतो त्या वेळात डोकं थोडं थंड होतं. यूपीआयने दोन मिनिटात पैसे येतात ही सोय ट्रेडरसाठी वाईट आहे, म्हणून शक्य असेल तर पैसे अशा खात्यात ठेवा ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही. आणि घरातल्या एका माणसाला दर शनिवारी खात्यातला खरा आकडा दाखवायचा. बायको असेल, वडील असतील, कोणीही. लपवलेला लॉस हा सगळ्यात महाग लॉस असतो कारण तो लपवायलाच पुढचा मोठा सौदा केला जातो.

डायरीबद्दल सगळे सांगतात, पण काय लिहायचं ते कोणी सांगत नाही. सांगलीचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, त्याचंही तुमच्यासारखंच, सेटअप छान पण महिन्याअखेर खातं खाली. आम्ही त्याच्या तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा प्रिंट केल्या आणि टेबलावर पसरून प्रत्येक सौद्याच्या वेळेला पेनाने गोल केला. मग ज्या सौद्याच्या आधीचा सौदा लॉसमधे बंद झाला होता आणि मधे पंधरा मिनिटंही गेली नव्हती, तेवढ्यांवर लाल खूण केली. आणि लाल खुणांची बेरीज वेगळी केली तर त्याचा जवळजवळ सगळा लॉस त्या लाल सौद्यांमधेच होता, उरलेल्या सौद्यात तो चक्क प्रॉफिटमधे होता. क्वांटिटीही बघितली तर लाल खुणेच्या सौद्यात दुप्पट, काही ठिकाणी तिप्पट. तो बराच वेळ कागदांकडे नुसता बघत राहिला. त्याला नवीन काहीच शिकवायची गरज नव्हती, फक्त लॉसनंतर एक तास नवीन ऑर्डर नाही हा एक नियम लावला.

तुम्हीही हेच करा, येत्या शनिवार-रविवारी. आणि पुढे प्रत्येक ट्रेडला एवढंच लिहा: वेळ, का घेतला ते एका ओळीत, एंट्री, एसएल, क्वांटिटी, रुपयात रिस्क किती, कुठे बाहेर पडलो, आणि शेवटी नियम पाळला की मोडला. प्रॉफिट-लॉस हा शेवटचा रकाना ठेवा. नियम पाळून आलेला लॉस हा धंद्याचा खर्च आहे, त्यावर रडायचं नाही. नियम मोडून आलेला प्रॉफिट मात्र लाल पेनाने लिहा, कारण त्यानेच पुढचं मोठं नुकसान शिकवलेलं असतं. एसएल काढला आणि किंमत परत वर आली, वाचलो, असं चार वेळा होतं, मेंदूला वाटतं की हेच बरोबर आहे, आणि पाचव्या वेळी किंमत परत येत नाही.

खर्चाकडे बघितलंत का कधी? ऑप्शनचा एक लॉट घेऊन विकला तर दोन ऑर्डरची ब्रोकरेज, त्यावर जीएसटी, एसटीटी, एक्स्चेंजचे चार्जेस, असं धरून 60-70 रुपये सहज जातात. दिवसाला 10 असे राउंड मारलेत आणि महिन्यात 20 दिवस, तर 12 ते 14 हजार झाले. तुमच्या 90 हजारावर महिन्याला 13-15 टक्के फक्त खर्च! एवढं कमवाल तेव्हा तुम्ही शून्यावर याल. सेबीच्या त्याच अभ्यासात 2023-24 मधे माणशी सरासरी 26 हजार रुपये खर्चात गेल्याचं आलंय. कमी ट्रेड करणं ही संयमाची परीक्षा वगैरे असेल, पण त्याआधी ते सरळ अंकगणित आहे.

सेटअप चांगला आहे असं तुम्ही म्हणताय, तर तेही मोजूनच म्हणा. 100 ट्रेडमधे किती बरोबर, बरोबर आल्यावर सरासरी किती मिळाले, चुकल्यावर सरासरी किती गेले. 40 वेळा बरोबर येऊन दरवेळी रिस्कच्या दुप्पट मिळाले आणि 60 वेळा रिस्कइतकेच गेले तर 80 वजा 60, म्हणजे शंभर ट्रेडमागे 20 रिस्क हातात राहतात. आता यातले फक्त दोनच लॉस एसएल काढल्यामुळे दहापट झाले असं धरा. 18 जास्तीच्या रिस्क गेल्या, 20 पैकी 2 उरल्या, त्या खर्चात गेल्या. शंभरात 98 ट्रेड शिस्तीत करूनही वर्ष वाया. म्हणून मी मोठ्या प्रॉफिटच्या मागे लागायला कधीच सांगत नाही, मोठा लॉस एकही नको एवढंच सांगतो. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याच्या पोत्याला हात लावत नाही, तसं कॅपिटलकडे बघा.

मी तुमच्या जागी असतो तर पुढचे 6 महिने ऑप्शन पूर्ण बंद, सेगमेंटच बंद. 90 पैकी 50 हजार बाजूला काढून एफडी किंवा लिक्विड फंडात. 40 हजारावर निफ्टी 100 मधल्या (मोठ्या 100 कंपन्यांच्या) शेअरमधे कॅशमधे, दर ट्रेडला 400 रुपये रिस्क, आठवड्याला दोन-तीन सौदे. हे तुम्हाला फारच किरकोळ वाटेल, मित्र हसतील. पण यात बघायचं एवढंच आहे की सलग 50 ट्रेडमधे एकदाही एसएल खाली सरकवला नाही हे जमतं का. जमलं की रक्कम वाढवा, तीही एकदम नाही. खातं वरच्या टोकापासून 10 टक्के खाली आलं की क्वांटिटी निम्मी, परत वर आलं की पूर्ववत, हा नियम कायमचा. लोक नेमकं उलटं करतात, खड्ड्यात असताना क्वांटिटी वाढवतात. कोर्सवर आणि टेलिग्रामच्या टिपांवर तर एक रुपयाही घालवू नका. सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का ते सेबीच्या वेबसाइटवर बघता येतं, आणि नुसतं शिक्षण देतो म्हणणाऱ्यांना जानेवारी 2025 मधे सेबीने गेल्या 3 महिन्यांतला बाजारभाव वापरून शिकवायलाच बंदी घातली, त्यामुळे जो क्लासच्या नावाखाली लाइव्ह मार्केटमधे आत्ता हा घ्या म्हणतो त्याच्यापासून लांबच राहा.

नोकरी सोडू नका. पगार येतोय म्हणून तुम्ही 400 रुपयाच्या रिस्कने शांतपणे शिकू शकता. उद्या त्याच खात्यातून घरभाडं आणि ईएमआय काढायचा झाला की दर महिन्याला ठराविक रक्कम पाहिजेच असं होतं, बाजार तशी देत नाही, आणि मग परत तेच, क्वांटिटी वाढवायची. वर्षाचा घरखर्च वेगळा बाजूला, ट्रेडिंगचं कॅपिटल वेगळं, आणि निदान 3 वर्षांच्या हिशोबात खातं वर, एवढं झाल्याशिवाय हा विचारही करू नका. पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डवर घेऊन ट्रेडिंग तर कधीच नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाहीये, पण घेतलं असेल तर आधी ते फेडा, उरलेल्या 90 हजारातून फेडा, बाजार कुठे जात नाही.

आणि एक काम राहिलंच असेल, बहुतेकांचं राहतं. लॉस झालाय म्हणून रिटर्नमधे दाखवला नाही असं करू नका. एफ अँड ओचा लॉस हा बिझनेस लॉस धरतात, तो पुढची 8 वर्षं ओढता येतो, इंट्राडे शेअरचा स्पेक्युलेटिव्ह धरतात आणि तो 4 वर्षं, पण त्यासाठी रिटर्न मुदतीच्या आत भरलेलं पाहिजे. पगारातून तो वजा होत नाही, पण पुढे कधी ट्रेडिंगमधे फायदा झाला तर हाच लॉस टॅक्स वाचवेल. ब्रोकरच्या ॲपमधून टॅक्स पी अँड एल (टॅक्ससाठीचा नफा-तोट्याचा हिशोब) काढा आणि या वर्षीच एखाद्या सीएला गाठा, दोन्ही वर्षांचे कागद सोबत न्या.